टॅपेटचा आवाज



मागच्या खेपेस आम्ही शिष्यवृत्तीच्या अर्जांविषयी लिहिले होते. या खेपेस गाडीच्या इंजिनाविषयी लिहिणार आहोत. कुटुंबाच्या पानावर हे प्लग आणि टॅपेट कुठून आले, असे आमच्या भगिनी विचारतील. पण ज्या गाडीची ही हकीकत आहे ती कॅम्प ५ मधल्या आमच्या वस्तीतील जवळजवळ प्रत्येक घराने एकदा तरी रात्री-अपरात्री वापरलेली आहे. आणि ती ऐन वेळी बंद पडली त्यात दोष आमचाही होता. तेव्हा हा आमचा जबाब समजावा.

आमच्या मंडळाकडे मारुतीची एक ओम्नी आहे. २०१४ सालची, सेकंडहँड घेतलेली, सी.एन.जी.वर चालणारी. वस्तीतून वर्गणी काढून ती घेतली. कोणी पाचशे दिले, कोणी दोन हजार, आणि एका आजींनी गल्ला फोडून नाणी दिली. ती मोजायला आम्हाला अर्धा तास लागला होता. गाडी रुग्णवाहिका नव्हे, आणि आम्ही तिला तसे म्हणतही नाही. अपघात झाला, कोणी अत्यवस्थ असले तर १०८ ला फोन करावाच. महाराष्ट्रात ती सेवा २०१४ पासून आहे. पण डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जाणारे गृहस्थ, पायाला प्लास्टर असलेली मुले, वर्षावासात ग्रंथवाचन ऐकून रात्री घरी परतणाऱ्या म्हाताऱ्या बाया, यांच्यासाठी ही गाडी आहे. भाडे नाही. इंधनापुरते ज्याला जमेल त्याने द्यावे.

आता चुकीकडे येतो. एके वर्षी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बाहेरगावचे पाहुणे याच गाडीत बसले होते. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असते, त्यामुळे जो काही आवाज होतो तो थेट बसणाऱ्याच्या बुडाखालून येतो. इंजिन टकटक, टकटक करीत होते. पाहुण्यांनी हसून, "भाऊसाहेब, गाडी शिवणयंत्रासारखी वाजते," असे म्हटले. आम्हाला लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी आम्ही गाडी एका गॅरेजात नेली आणि सांगितले, "हा आवाज बंद झाला पाहिजे." त्यांनी झाकण उघडून अर्ध्या तासात आवाज बंद करून दिला. इंजिन इतके शांत झाले की आम्ही मंडळाच्या बैठकीत आपणहून ते सांगितले आणि शाबासकी घेतली.

दीड वर्ष गेले. गाडी सकाळी चालू व्हायला वेळ घेऊ लागली. चढावर दम लागू लागला. उभ्या उभ्या थरथरायची. आम्ही म्हटले, गाडी जुनी आहे, असे व्हायचेच. मग जून महिन्यातील एका रात्री शेजारच्या गल्लीतील एका मावशींना दम्याचा जोराचा झटका आला. १०८ ची गाडी दुसरीकडे गेलेली होती, वेळ लागेल असे कळले. म्हणून ओम्नी काढली आणि कॅम्प ३ मधल्या मध्यवर्ती रुग्णालयाकडे निघालो. वाटेतच ती धडधड करून बंद पडली. पाऊस सुरू होता. चावी फिरवून फिरवून बॅटरीही उतरली. मावशींचा मुलगा आमच्याकडे पाहत होता, एक शब्दही बोलत नव्हता. पंधरा-वीस मिनिटांनी एक रिक्षा थांबली. त्या वाचल्या, आठ दिवसांनी घरी आल्या. परंतु ती पंधरा मिनिटे आम्ही अजून विसरलेलो नाही.

नंतर गाडी दाखवली तेव्हा इंजिनाचे मोठे काम निघाले, बावीस हजार रुपये खर्च येईल, असे सांगण्यात आले. मंडळाच्या बैठकीत दोन तट पडले. काही म्हणाले भंगारात काढा, काही म्हणाले पुन्हा वर्गणी काढा. आम्ही खजिनदार, वाणिज्य शाखेचे पदवीधर. बावीस हजार कुठल्या रकान्यातून कुठे न्यायचे याचा कागद आम्ही करूनही आणला होता. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेले एक काका उठले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बैठकीत कधी बोलत नाहीत. म्हणाले, "भाऊसाहेब, कागद नंतर. आधी तिचे प्लग काढून बघू. रविवारी वंदनेनंतर. पण शनिवारी रात्रीपासून गाडीला कोणी हात लावायचा नाही."

हात का लावायचा नाही, ते आम्हाला रविवारी कळले. टॅपेटची मापे थंड इंजिनावर वेगळी असतात आणि गरम इंजिनावर वेगळी. गाडीच्या पुस्तकात दोन्ही दिलेली असतात. एकाचे माप दुसऱ्याला लावले की सगळे चुकते. घरी काम करणाऱ्याने रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी थंडच मापे घ्यावीत, हे सोपे.

रविवारी विहारासमोर दहा-बाराजण जमले. काकांनी प्रथम सी.एन.जी. टाकीची चावी बंद केली, इंजिनाला इग्निशनचे कनेक्शन सोडवले आणि पुढची सीट उचलली. आत धूळ, चिखल, कोरडी पाने. "प्लग लगेच काढायचा नाही," ते म्हणाले. "आधी त्याच्या भोवतीचे खळे साफ करा. नाहीतर प्लग निघताच ही सगळी माती सिलिंडरात जाईल." ब्रशने आणि सायकलच्या पंपाने साफ केले. तीन वायरींवर चिकटपट्टी लावून १, २, ३ आकडे टाकले. वायर ओढायची नाही, तिच्या टोकाची रबरी टोपी धरून, जरा पिळून काढायची. मग एकवीसचा प्लग पाना.

इथे थोडे सांगितले पाहिजे. मारुतीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत एका ग्राहकाच्या हाती दिली गेली, चावी इंदिरा गांधी यांनी दिली. ती मारुती ८००. पुढच्या वर्षी व्हॅन आली, तीच पुढे ओम्नी झाली. दोघींचे इंजिन एकाच घराण्यातले, ७९६ सी.सी., तीन सिलिंडर, प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह आणि एक प्लग. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. तरी आमच्याकडे बदलापूरपासून कल्याणपर्यंत भाजी, टिफिन, मंडपाचे सामान अजून अशाच गाड्या वाहतात. इंजिन साधे आहे. तीन प्लग आणि सहा व्हॉल्व्ह, एवढाच कारभार. पण तो किती वेळा चालतो पाहा. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १,००० वेळा उघडतो आणि मिटतो. प्लगच्या ठिणगीने होणारा स्फोटही प्रत्येक सिलिंडरात तितक्याच वेळा. बदलापूरहून आमच्या कॅम्पात यायला अर्धा तास धरला तर एकेका व्हॉल्व्हचे ३०,००० वेळा उठणे-बसणे. कारकुनाला आकड्यांशिवाय करमत नाही, वाचकांनी क्षमा करावी.

तीन प्लग काकांनी क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले. "वाचा," म्हणाले. पहिले दोन फिकट, बदामी-राखी रंगाचे. हा चांगल्या जळणाचा रंग. गॅसवर चालणाऱ्या गाडीचा प्लग पेट्रोलच्या गाडीपेक्षा जरा अधिकच उजळ दिसतो. तिसरा मात्र काळा आणि ओला. त्याला पेट्रोलचा वास होता, कारण आमची गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि मग गॅसवर जाते. त्या सिलिंडरात पेट्रोल जात होते, पण जळत नव्हते. प्लग तेलाने ओला असता तर तेल वर चढते असे समजायचे. कोरडी काजळी असती तर इंधन जास्त आणि हवा कमी. पांढराफटक, फोड आल्यासारखा असता तर इंजिन अति तापते. डॉक्टर जीभ पाहतो तसे हे आहे.

तिन्ही प्लगांची फटही वाढली होती. दोन टोकांच्या मधल्या ज्या फटीतून ठिणगी उडी मारते ती आमच्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ०.७ ते ०.८ मि.मी. हवी. इथे एक मि.मी.च्या पुढे गेली होती. फट वाढली की ठिणगीला जास्त दाब लागतो. आधीच तो हजारो व्होल्टचा असतो, त्यात गॅस पेटवणे पेट्रोलपेक्षा कठीण. म्हणून पावसाळी रात्री, ओल धरलेल्या वायरींनी आणि थकलेल्या बॅटरीने ती गाडी चालू होणे अवघडच होते. नवे प्लग घेताना डब्यावरचा नंबर पुस्तकाशी ताडून घ्यावा आणि फट डब्यातून आली तशी न मानता मोजून पाहावी. दुकान ओळखीचे, बिल देणारे असावे. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा आमच्या गावावरचा विनोद फार जुना आहे आणि आता आम्हालाच त्याचे हसू येत नाही, पण नकली प्लग कुठल्याही गावात मिळतो.

नवे प्लग लगेच बसवले नाहीत. काकांनी जमलेल्यांतून एका मुलीला पुढे बोलावले. नुकतीच दहावी झालेली, आईबरोबर वंदनेला आलेली. तिला प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायला सांगितले, ओढणी कमरेला बांधून, दुसरा हात पाठीमागे. आम्ही चावी फिरवली. पहिल्या सिलिंडरने तिचा अंगठा फट्‌कन उडवला. दुसऱ्यानेही. तिसऱ्यावर ती म्हणाली, "काका, हा नुसती फुंकर मारतोय."

"मग प्लगचा दोष नाही," काका म्हणाले. "वारा कुठून तरी निसटतोय. झाकण काढा."

टॅपेट कव्हर काढले. खाली दांडा, त्यावर ओळीने सहा रॉकर. प्रत्येक रॉकरच्या टोकाला एक स्क्रू आणि त्याला घट्ट धरणारा नट. हा स्क्रू व्हॉल्व्हच्या डोक्यावर टकटक मारतो. स्क्रू आणि व्हॉल्व्ह यांच्यात थंड असताना किंचित जागा सोडलेली असते, आमच्या गाडीत साधारण मिलिमीटरचा सातवा हिस्सा. वहीच्या दोन पानांइतकी म्हणा. ही जागा का? लोखंड तापले की वाढते. विशेषतः जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, त्याचे तोंड सातशे-आठशे अंशांपर्यंत तापते. तो लांबीला वाढतो. वाढायला जागाच ठेवली नाही तर तो आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही, जरा उघडाच राहतो. मग एकीकडून दाब निसटतो आणि दुसरीकडे, हे अधिक वाईट, त्याची उष्णता बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो. कारण व्हॉल्व्ह थंड होतो तो बैठकीला टेकल्यावरच. न टेकलेला व्हॉल्व्ह जळत जातो.

माप घ्यायला फिलर गेज लागते. पोलादी पात्यांचा छोटा पंखा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत, दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात, त्याचेच माप घ्यायचे. या इंजिनात क्रम १-३-२. काकांनी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून आमच्याकडून हळूहळू ढकलून घेतली. प्लग काढलेले असल्याने इंजिन हलके फिरत होते. आधी प्लग का काढायचे, त्याचे हे दुसरे कारण. पहिल्या सिलिंडरचे पाते जरा घासून आत गेले. लोण्यातून सुरी नव्हे, पण अडकायलाही नको, पुस्तकाच्या पानांतून पोस्टकार्ड ओढावे तसे. दुसऱ्याचा एक्झॉस्ट तंग होता. तिसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये ०.०५ चे सर्वांत पातळ पातेही शिरेना. मुलीने तीनदा प्रयत्न केला.

काकांनी चष्मा काढला. "भाऊसाहेब, तुम्ही आवाज बंद करायला सांगितला होता ना? त्यांनी केला. टॅपेट आवळून टाकले."

आम्हाला काही सुचेना. काका रागावलेले नव्हते. ते शिकवण्याच्या सुरात बोलत होते. "जो टॅपेट वाजतो तो सांगतो तरी, की माझी फट वाढली आहे. फार वाजला तर बघायचे. पण जो आवळलेला असतो तो गप्प असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि तो आतल्या आत जळतो."

चळवळीत वीस वर्षे घालवलेल्या माणसाला हे वाक्य इंजिनापुरतेच वाटले असे म्हणणे खोटे होईल. पण तो विषय आम्ही तिथेच सोडला, कारण काका पुढचे सांगू लागले होते. गॅसच्या गाडीत हे आणखी लवकर होते. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसे असायचे, व्हॉल्व्ह आणि बैठक यांच्यामध्ये त्याचा पातळ थर बसून झीज कमी व्हायची. ते शिसे माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, शरीराला घातक, म्हणून १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर बंद झाले. हे उत्तमच झाले, आणि कारखान्यांनीही बैठका अधिक कठीण धातूच्या केल्या. पण सी.एन.जी. हा कोरडा वायू आहे. बैठक हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह तिच्यात रुतत जातो, त्याचे डोके तेवढे वर येते आणि फट कमी होते. वापराने वस्तू सैल होते असे आपण समजतो. इथे ती वापराने तंग होते. त्यात आम्ही पैसे देऊन आधीच तंग करून घेतली होती.

दुरुस्ती मात्र साधी. नट सैल करायचा, स्क्रू पेचकसाने किंचित फिरवायचा, पाते घालून पाहायचे, स्क्रू तसाच धरून नट आवळायचा. आणि पुन्हा मोजायचे, कारण नट आवळताना माप सरकते. सहा व्हॉल्व्हना दीड तास लागला. तिसऱ्याला मुलीने दोनदा आवळले, दोनदा माप चुकले, तिसऱ्यांदा जमले. मग पुन्हा अंगठा. यावेळी तिसऱ्या सिलिंडरनेही तो ढकलला, पहिल्या दोघांइतका जोरात नाही. "थोडा भाजला असणार," काका म्हणाले. "एक दिवस हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवावे लागतील. पण आज नाही."

प्लग बसवताना त्यांनी पाना कोणाला घेऊ दिला नाही. आधी नुसत्या बोटांनी तीन-चार आटे फिरवायचे. हेड ॲल्युमिनियमचे असते, प्लग तिरपा शिरला आणि पान्याने रेटला की आटे गेले, आणि मग खरोखरच मोठा खर्च. बोटांनी पूर्ण बसल्यावर, चकती असलेल्या नव्या प्लगला पान्याने सुमारे अर्धा फेरा. बस. अंगातली ताकद इथे दाखवायची नाही. कव्हरचे पॅकिंग नवे टाकले. तीन प्लग, पॅकिंग, फिलर गेज, सगळे मिळून हजार रुपयांच्या आत झाले, पावत्या मंडळाच्या फाइलीत आहेत. गाडी दुसऱ्या चावीला सुरू झाली. टकटक करीत.

ज्यांच्याकडे नवी गाडी आहे त्यांनी हे वाचून लगेच पाना हाती घेऊ नये. काही गाड्यांत टॅपेट तेलाच्या दाबाने आपोआप जुळतात, काहींत स्क्रूऐवजी मोजून चकत्या बदलाव्या लागतात, ते घरचे काम नव्हे. पुस्तक पाहावे. गॅरेजवाले सगळे फसवतात, असेही आमचे म्हणणे नाही. त्यांनी आम्ही मागितले तेच दिले. पण गॅरेजात गेल्यावर "आवाज बंद करा" असे न म्हणता "टॅपेटची मापे काय आली, लिहून द्या" असे म्हणता आले पाहिजे, एवढे नक्की.

त्या दिवशी संध्याकाळी त्या मुलीची आई आमच्याकडे आली. अकरावी कॉमर्सचा फॉर्म भरून हवा होता. "तुमच्यासारखी बी.कॉम. होऊन कुठे तरी चिकटेल," असे तिचे म्हणणे. आम्ही आजवर अशा किती मुलांना कॉमर्सचा सल्ला दिला असेल, त्याचा हिशेब नाही. पण पेन हातात घेतले आणि दुपारचा तो अंगठा आठवला.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे एक निवेदन सरकारला दिले. त्यात नोकऱ्यांतील वाटा आहे, शिष्यवृत्त्या आहेत, आणि तांत्रिक शिक्षणाचा एक स्वतंत्र भागही आहे. कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान आणि तंत्राचे शिक्षण आपल्या मुलांना अधिक उपयोगी पडेल, त्यासाठी सरकारने खर्च करावा, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशी ती मागणी होती. आमच्या कपाटात तो खंड वीस वर्षे आहे. १४ एप्रिलच्या भाषणांसाठी आम्ही तो कितीदा उघडला, पण हे पान आम्ही कधी भाषणात वाचले नाही. हाताने करायच्या कामांतून वर यायचे म्हणजे टेबलाशी बसायचे, असे आमच्या पिढीने मनाशी पक्के केले होते. त्याला कारणेही तशीच होती. ज्यांच्या वाडवडिलांवर गावकीची कामे लादली गेली, त्यांना मुलाच्या हातात पुस्तकच दिसायला हवे होते. पण लादलेले काम आणि शिकून घेतलेले काम यांत फरक आहे, आणि तो काकांना आमच्याआधी कळला होता.

आम्ही तिच्या आईला सांगितले, कॉमर्सचा फॉर्म भरून देतो, पण आय.टी.आय.चाही भरू. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम तिथे दोन वर्षांचा आहे. आई म्हणाली, "पोरीची जात, काळे हात घेऊन कुठे बसणार?" मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "आई, तिसरा व्हॉल्व्ह मी लावलाय." दोन्ही फॉर्म भरले आहेत. काय होते ते यादी लागल्यावर कळेल. आई अजून राजी नाही, हेही सांगितले पाहिजे.

विहाराच्या कपाटात आता एक वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, सहा व्हॉल्व्हची मापे, तीन प्लगांचे रंग. पहिले पान त्या मुलीच्या अक्षरात आहे. काकांनी दर पाच हजार किलोमीटरला मापे घ्यायला सांगितली आहेत, गॅसची गाडी म्हणून जरा लवकर. पुढच्या तपासणीला ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावे, जुने कपडे घालून. भगिनींनीही यावे. दम्याच्या त्या मावशी परवा डॉक्टरकडे याच गाडीतून गेल्या. वाटेत म्हणाल्या, "फार वाजते रे तुमची गाडी." आम्ही म्हटले, वाजू द्या.

हाताचा काळेपणा जात नाही अशी तक्रार आली आहे, म्हणून एवढे लिहितो. साबण आधी लावू नये. कोरड्या हातांना चमचाभर खोबरेल तेल आणि तेवढीच साखर घेऊन दोन मिनिटे चोळावे, नखांच्या कडांना विशेष, मग फडक्याने पुसून साबणाने धुवावे. त्या मुलीच्या आईनेच त्या रात्री असे करून दिले होते.